भिंतीवरचा आवळा

शेलूबाजारच्या नाल्यापलीकडे गुलाबराव माळ्याची बागायत होती. वांगी, मिरची, सांबार म्हणजे कोथिंबीर, आणि धुऱ्याने, बांधाच्या कडेने, झेंडू-शेवंती. बागायत म्हणून ती बरी होती, पण गुलाबरावाचा जीव उगवलेल्या फुलांपेक्षा रंगाने काढलेल्या फुलांत जास्त. उगवलेल्या फुलाला पाणी द्या, खुरपण करा, तरी ते संध्याकाळी मान टाकतं. काढलेलं फूल एकदा वाळलं की कुणाच्या बापाला भीत नाही, असं त्याचं म्हणणं. शिंदीची काडी ठेचून कुंचला करायचा. गेरू, चुना, हळद, नीळ हे रंग, आणि हिरव्यासाठी वालाचा पाला चोळायचा. पोळ्याला लोक बैलांची शिंगं रंगवून मोकळे होतात. हा गडी शिंगापासून शेपटीपर्यंत फुलं काढी, आणि दिवाळी आली तरी बैलांना धुऊ देत नसे. घरातली कणगी रंगवून झाली, मोटेचं चाक रंगवून झालं, बाजाराच्या टोपल्या रंगवून झाल्या. एकदा त्याने शेळीच्या पोटावर जास्वंद काढली, तर ती ओढाळ शेळी स्वतःचीच जास्वंद खायला दिवसभर गोल गोल फिरत राहिली.

त्याची बायको हौसाबाई या सगळ्याला हसत असे. पण तिचं हसू वर्षाकाठी एकदाच खरं पिकायचं. दोघांना मूलबाळ नव्हतं, घर म्हणजे बागायतीतला मातीचा कोठाच, आणि नाला ओलांडून मुद्दाम भेटायला कोण येतंय? हौसाबाई वांग्यांशी बोलायची, आणि वांगी काही बोलत नसल्याने त्यांच्या वाटचंही तीच बोलायची. फक्त कार्तिकात, आवळीभोजनाच्या दिवशी, गावातल्या बाया डोक्यावर टोपली घेऊन तिच्याकडे येत. आवळ्याला सूत गुंडाळायचं, फेरे घालायचे, आणि झाडाखाली बसून जेवायचं. गुलाबरावाच्या विहिरीजवळ पंचक्रोशीतला सर्वांत जुना आवळा होता, म्हणून हा मान. त्या एका दिवसाच्या गप्पा हौसाबाई पुढच्या कार्तिकापर्यंत पुरवून पुरवून वापरी.

छप्पन सालच्या हस्तात वारं असं सुटलं की तो आवळा मुळासकट उन्मळला आणि नेमका विहिरीत डोकं खाली करून पडला. बैल, दोर आणि शिव्या लावून त्याला बाहेर काढावं लागलं. विहीर मोकळी झाली, हौसाबाई मात्र कोठ्याच्या दारात बसली ती उठेना.

इकडे गावालगतच्या चंपत माळ्याला पर्वणीच झाली. त्याने कधीतरी लावलेला आवळा यंदा फळाला आला होता. तो घरोघर सांगत सुटला, "माहा आवळा उभा हाये बाप्पा! त्याचा तं आता चुल्यात गेला. औंदा समद्या माह्याकडंच या."

हे कानावर आलं तेव्हा हौसाबाई एवढंच म्हणाली, "बरं झालं. मलेही ताप नाई." आणि चुलीकडे तोंड फिरवलं. ताप नाही म्हणताना तिचा आवाज फाटला, तो गुलाबरावाने ऐकला. बाजारात जाऊन झाड विकत मिळतं थोडंच? त्याला एकच गोष्ट येत होती. त्याने चुना भिजवला.

कोठ्याची विहिरीकडची भिंत चांगली रुंद होती. गुलाबरावाने त्यावर आवळा काढायला घेतला. खोड नीट जमलं नाही; आजवर फुलांचे देठच काढलेले, त्यामुळे खोडही देठासारखंच झालं, फक्त म्हशीएवढं जाड. आवळ्याची पानं बारीक, ती घालता घालता दुपारी त्याचा हात भरून आला. मग उरलेल्या जागेत त्याने फुलं काढली. ताटाएवढी, गुलाबी.

"अजी, आवळ्याले असी फुलं कई लागली?" हौसाबाईने विचारलं.

"लागतीन आता."

ही बातमी गावात गेली तसा गोंधळ उडाला. भिंतीवरचा आवळा चालतो का, हे ठरवणार कोण? शेवटी सगळ्या बाया नानाजीकडे गेल्या. नानाजी म्हणजे गावातला सर्वांत म्हातारा माणूस. पोथी त्याला वाचता येत नव्हती, पण ऐकून ऐकून निकाल देण्याइतकी पाठ होती. त्याच महिन्यात आपलं वऱ्हाड मध्यप्रदेशातून निघून मुंबई राज्यात गेलं होतं, आणि ती गोष्ट नानाजीच्या डोक्यातून काही जात नव्हती.

"हे पाहा," नानाजी म्हणाला, "आपून इथंच बसलो होतो का नाई? नाला इथंच, मारुती इथंच. अन् सरकार म्हणते का तुमी मुंबईत गेले. आपून मानलंच ना? मंग भिंतीवरचा आवळा मानाले काय जाते?"

बेबीबाई, जिच्या मागे गावातल्या सगळ्या बाया चालत, ती म्हणाली, "चाला, पाहून तं येऊ." पुण्य दोन्हीकडे सारखंच मिळणार असेल, तर ताटाएवढ्या फुलांचा आवळा सोडून साधा आवळा कोण बघतो!

आवळीभोजनाच्या दिवशी गुलाबराव मात्र ऐनवेळी गळपटला. इतक्या बाया एकदम नाला उतरताना दिसल्या तसा तो लाजून कोठ्यात शिरला आणि दार ओढून घेतलं. बायांनी पूजा मांडली, हळदकुंकू लावलं, आणि सूत काढलं. आता सूत गुंडाळायचं तर खोडाभोवती गेलं पाहिजे, आणि खोड होतं भिंतीत. सोबत आलेल्या नानाजीने निकाल दिला की झाडाच्या मागे जे जे येतं ते झाडच समजायचं. झालं! बाया साऱ्या कोठ्याला फेरे घालू लागल्या. उकिरड्यावरून, मिरचीच्या वाफ्यातून, शेळीच्या दाव्यावरून उडी मारून, पुन्हा आवळ्यासमोर. फेरे संपले तेव्हा कोठ्याचं दार सुताने असं बांधलं गेलं होतं की ते ढकललं असतं तर पूजा मोडली असती.

"अरे, मी आत हाये ना!" गुलाबराव खिडकीतून ओरडला.

"मंग राह्य आतच," नानाजी म्हणाला. "सूत तोडता येत नाई."

जेवायला बाया भिंतीसमोर बसल्या. भर दुपार, वर उघडं आभाळ. दहा पावलांवर आंब्याची गर्द सावली होती, पण ती आंब्याची. बेबीबाईने घाम पुसत तिकडे पाहिलं, तर नानाजीने डोळे वटारले. मग तीच म्हणाली, "काय गार सावली हाये वो हौसाबाई तुमच्या आवळ्याची!" एकीने म्हटलं की दुसरीला म्हणावंच लागतं. थोड्या वेळाने ऊन कललं तसं नानाजी म्हणाला, आता सावली इकडे सरकली असेल. आणि सगळी पंगत पत्रावळी उचलून भर उन्हातून भर उन्हात सरकली.

तेवढ्यात चंपतही बायकोला घेऊन आला. त्याच्या खऱ्या आवळ्याखाली चिटपाखरू फिरकलं नव्हतं, आणि एवढा स्वयंपाक घेऊन दोघांनीच बसायचा त्याला कंटाळा आला. त्याने सोबत आणलेले आवळे मुकाट्याने भिंतीच्या बुडाशी पसरले. "पडले असतीन वरून," म्हणाला आणि पंगतीत बसला. माणूस वाईट नव्हता.

गुलाबरावाला वांग्याची भाजी आणि भाकर खिडकीतून मिळाली. त्याला दिसत काही नव्हतं, सगळं ऐकू येत होतं. भांड्यांचा आवाज, कुणाची सून कशी आहे, कुणाची म्हैस कशी आहे, आणि त्या सगळ्याच्या वर हौसाबाईचं खदखदून हसणं. तो घास हातात धरून ते ऐकत बसला. इतकं सुख त्याला कोंडून घेतल्यावर मिळेल असं कधी वाटलं नव्हतं. संध्याकाळी बाया गेल्या, आणि सुताचं काय करायचं हा प्रश्न शेळीने सोडवला. तिने ते खाऊन टाकलं.

दुसऱ्या दिवशी बागायत पुन्हा तशीच. हौसाबाई वाफ्यात बसली, पण वांग्यांशीही बोलेना. तिची नजर सारखी नाल्याकडच्या पायवाटेवर. दर कार्तिकात असंच होई आणि दर कार्तिकात गुलाबराव ते पाहून न पाहिल्यासारखं करी. करणार काय?

त्यानंतर एका सकाळी तो मोटेला बैल जुंपायला निघाला आणि भिंतीपाशी थांबला. आवळ्याची एक फांदी नव्हती. तिथे शेणाचं ताजं पोतेरं फिरलेलं होतं. हौसाबाई जवळच उभी होती, हात पदराखाली घेऊन.

"फांदी कुठं गेली वो?" त्याने विचारलं.

"वाऱ्यानं मोडली," ती म्हणाली.

वारा म्हणाल तर शेवंतीची पाकळीही हलत नव्हती. वांग्याची टोपली घेऊन गुलाबराव गावात गेला, आणि बेबीबाईच्या दारात कुणी न विचारताच म्हणाला, "आवळ्याची फांदी मोडली."

"काय म्हणता, माय!" बेबीबाई म्हणाली. दुपारी चारपाच बाया नाला ओलांडून आल्या. जिथे फांदी होती तिथे त्यांनी हात फिरवून पाहिला, हळहळल्या, आणि हळहळ ओसरल्यावर दिवस मावळेपर्यंत बसल्या. हौसाबाईने मोठ्या गंजात गुळाचा चहा उकळून त्यांना पाजला.

गुलाबरावाने फांदी पुन्हा काढली. पुढच्या आठवड्यात दुसरी मोडली. त्या हिवाळ्यात त्या आवळ्याने फार सोसलं. कधी पानगळ झाली, कधी उधळी म्हणजे वाळवी लागली, एकदा तर माकडं येऊन गेल्याचं निघालं. आणि दर वेळी कुणी ना कुणी विचारपूस करायला येऊन गेलं. चंपतची बायको अंजना तर आता फांदी शाबूत असली तरी येऊन बसायची.

माघात पिकाची घाई झाली. बायांना ओलिताची, कापूस वेचायची कामं लागली, आणि आठ-पंधरा दिवस कुणीच आलं नाही. झाडाच्या फांद्या मोडून झाल्या होत्या. नुसत्या फांदीसाठी आता कोण कामधाम सोडतंय? हौसाबाई पुन्हा मुकी झाली. गुलाबराव एका सकाळी लवकर उठला. त्या भिंतीवर शेंड्याला एक फूल होतं, आजवर काढलेल्या साऱ्या फुलांत त्याला सगळ्यात जास्त आवडणारं. तसं पुन्हा जमणार नाही हे त्याला ठाऊक होतं. तो थोडा वेळ ते पाहत राहिला. मग त्याने शेणाचं पोतेरं घेतलं आणि शेंडा अख्खाच्या अख्खा फुलासकट पुसून टाकला.

मागे वळला तर हौसाबाई उभी. तिने भिंतीकडे पाहिलं, त्याच्या शेणाने भरलेल्या हातांकडे पाहिलं. तिच्या डोळ्यांत पाणी आलं.

"लय वारं सुटलं होतं वाटते," ती म्हणाली.

"लयच," गुलाबराव म्हणाला. त्याने हात धुतले, डोक्याला मुंडासं बांधलं आणि गावात सांगायला निघाला. नाल्याशी पोचून त्याने मागे पाहिलं, तर हौसाबाईने चहाचं मोठं गंज घासायला घेतलं होतं.