बाक हलत नाही

एल्सिराबाई आमच्या बेटावरच्या शाळेत खेळाच्या बाई. मी तिथंच स्वयंपाक करते, त्यामुळे खिडकीतून त्यांचा तास रोज दिसतो. लहान पोरांना तोल सांभाळायला शिकवणं हे त्यांचं मुख्य काम. चिलीच्या दक्षिणेला आमच्या या चिलोए बेटांवर पोरं होडीनं शाळेला येतात, तेव्हा ही काही नुसती गंमत नव्हे. पूर्वी बाई त्यांना धक्क्यावर न्यायच्या आणि होडीला लावलेल्या फळीवरून चालायला लावायच्या.

गेल्या वर्षी त्यांचा नवरा उबाल्दो बुडाला. होडी सापडली, तो नाही. घरातल्या प्रार्थना संपल्या आणि बाई कामावर आल्या. रडल्या नाहीत. धक्क्याकडे मात्र फिरकल्या नाहीत. अंगणात एक लांब बाक टाकलं आणि पोरांना त्याच्यावरच चालवू लागल्या. "नजर समोर. हात बाजूला. चल, पुढचा." आवाज सपाट, चेहरा कोरा. मी ताट पुढं केलं तर जेवायच्या, नाही केलं तर मागायच्या नाहीत. मला त्या शांतपणाचा संताप यायचा. बाई, एखादी थाळी तरी आपटा, असं तोंडावर यायचं.

बाकावर आमच्या पोरांची फजितीच व्हायची. होडीत वाढलेली ती, गुडघे वाकवून लाटेची वाट बघणार. बाक काही हलत नाही, आणि न आलेल्या लाटेला अंग देऊन पोरं धपकन खाली. उलट उत्तरेच्या वाळवंटातून नवीन आलेली सहा वर्षांची रायेन त्यावरून तरातरा जायची. पण घरी जाताना धक्क्यावरची फळी पायाखाली हलली, की तीच रायेन मटकन बसायची. होडीवाले बेलार्मिनोकाका तिला उचलून आत ठेवायचे. शेवटी त्यांची कंबर धरली.

"सोमवारपासून मी कुणाला उचलायचा नाही," ते बाईंना म्हणाले. "पोरीची आई तिला कास्त्रो शहरात मावशीकडे पाठवायला निघालीय. तिथं शाळेला होडी लागत नाही म्हणे."

"मी शिकवतेय तिला."

"बाकावर? ते बाक जरा हलवून दाखवा, बाई. मग बोलू."

"खरं तेच बोलतायत ते," मी खिडकीतून म्हटलं. मला कुणी विचारलं नव्हतं, पण म्हटलं.

 त्या दिवशी शाळा सुटल्यावर मी नेहमीसारखी होडीत जाऊन बसले, तर बाई धक्क्यावर उभ्या. रायेनचा हात त्यांच्या हातात.

"बाकावरचं विसर. गुडघे सैल सोड. फळी हलू दे, तू तिच्याबरोबर हल."

"तुम्ही पण या ना, बाई."

दोघी फळीवर आल्या. फळी कुरकुरली, पोरगी थरथरली, पण बसली नाही. होडीत पाय टेकताच पोरांनी एकच कल्ला केला. बाईंचा चेहरा तसाच. त्या परत उतरल्या नाहीत, कडेला बसून राहिल्या. काकांनी मोटर चालू केली.

खाडीच्या मध्यावर बाईंनी विचारलं, "कुठं?"

काका रोज तिथूनच जायचे आणि कधी बोलायचे नाहीत. त्यांनी मोटर बंद केली, टोपी काढली. "इथंच. उबाल्दोची होडी इथं तरंगत होती."

बाईंनी वाकून पाहिलं. "बाकीच्या पाण्यासारखंच आहे," त्या म्हणाल्या. 

मेलेल्या माणसाचं नाव निघालं की उठून उभं राहावं, हे पोरांना आम्हीच घरी शिकवलंय. सगळी एकदम उठली, रायेनसुद्धा. होडी कलली.

"बसा!" बाई किंचाळल्या. "खाली बसा! मला आणखी कुणी नकोय पाण्यात!"

पोरं तेव्हाच बसली. तरी बाई "बसा, बसा" म्हणतच राहिल्या, आणि म्हणता म्हणता रडायला लागल्या.