गप्प बसायचा नियम

गेल्या महिन्यात ऑफिसात निपाणीहून ट्रंक कॉल आला. भूपालअण्णा गेले. फोनवर त्यांचे धाकटे भाऊ होते. "सुटला बघा एकदाचा," म्हणाले. तेव्हापासून भेटेल तो हेच म्हणतो आणि मला या शब्दाचा संताप येतो. पन्नाशीही न गाठलेला माणूस सुटत नसतो, जातो.

बेळगावच्या एका फाउंड्रीत कॉम्प्युटरची खोली अण्णांच्या ताब्यात होती. मी खासबागेतून सायकलवर तिथं कामाला जायची. तोवर कॉम्प्युटर फक्त फोटोत पाहिलेला. तंबाखूच्या धंद्यातल्या घरचं पोरगं असल्या पेटीपुढं बसून काय मिळवणार, असं अण्णांच्या घरी सगळ्यांना वाटायचं. अण्णा आमच्यावर रागावले की मराठीत बोलत, मशीनवर रागावले की कानडीत.

रोज संध्याकाळी कॉम्प्युटरवर एक स्क्रिप्ट, म्हणजे हुकमांची यादी, आपोआप चालायची. ती सगळे प्रोग्रॅम नव्यानं बांधायची आणि जुन्या फाइली पुसून टाकायची. कुठल्या पुसायच्या, हे नावाच्या नमुन्यावरून ओळखायची. नमुना चुकला की चांगली फाइलही गेलीच, परत मिळणं नाही. म्हणून अण्णांचा नियम होता... एकानं बदल लिहायचा, दुसऱ्यानं तो मोठ्यानं वाचायचा आणि यानं काय पुसलं जाईल ते साध्या मराठीत सांगायचं. तोवर लिहिणाऱ्यानं गप्प बसायचं. "लिहिणाऱ्यानं तोंड उघडलं, की वाचणारा नुसता ऐकतोय. वाचत न्हाय," असं ते म्हणत. शिवाय चूक निघाली तर ज्याची त्यानंच दुरुस्त करायची. या नियमापायी माझी कितीतरी वेळा बिनपाण्यानं झाली.

एका दिवाळीच्या आधी त्या नमुन्यात अण्णांनी स्वतः एक लहानशी दुरुस्ती केली आणि वाचायला मला बसवलं. टाकाऊ फाइलीच्या नावाला आम्ही शेवटी 'ओल्ड' जोडत असू. अण्णांच्या ओळीत तो शब्द होता, पण तो नावाच्या शेवटीच हवा, हे सांगणारी खूण नव्हती. म्हणजे नावात कुठंही 'ओल्ड' असलेली फाइल पुसली गेली असती. आमच्या जुन्या साच्यांच्या चालू प्रोग्रॅमचं नाव तर त्याच शब्दानं सुरू व्हायचं.

मी ते सांगितलं. मला हसू आलं. म्हटलं, "अण्णा, मुद्दाम ठेवलीत व्हय चूक? परीक्षा घेताय माझी?"

"कुठं?" त्यांनी विचारलं.

मी पडद्यावर बोट ठेवलं. ते वाकून बघत राहिले. मग पुन्हा म्हणाले, "कुठं गं?"

हीच चूक कशी ओळखायची ते मला त्यांनीच शिकवलं होतं.

"वाचतोय मंदा, पण डोस्क्यात ऱ्हाईना झालंय," ते हळूच म्हणाले. "लई दिस झालं." आम्ही वाचत असताना ते शांत बसत, त्याचं आम्हाला केवढं कौतुक! अण्णा मात्र कित्येक महिने त्या नियमाच्या आडोशाला बसलेले होते, एकटेच. त्यांनी बोटं कळांवर ठेवली, काढली, पुन्हा ठेवली. "तूच लिही," म्हणाले. मी ती एक खूण घातली. त्यांनी खुर्ची पुढं ओढली. "आता वाचायचं मी." बराच वेळ ते पडद्याकडं बघत होते... मग म्हणाले, "बरोबर हाय."

त्यांनी वाचलं नव्हतं. ते मला कळलं होतं आणि मला कळलंय हे त्यांनाही.

पुढं मिरजेच्या दवाखान्यात त्यांच्या मेंदूत गाठ निघाली. ऑपरेशननंतर वाचा गेली. मी निपाणीला भेटायला गेले तेव्हा वहिनी त्यांना चमच्यानं आंबील भरवत होत्या. "वळखलं बघ तुला," म्हणाल्या. त्या डोळ्यांत ओळख कुठंच नव्हती. "व्हय वहिनी," म्हटलं आणि बसस्टँडवर येऊन पोटभर रडले.

आता ती खोली मी सांभाळते. परवा नव्यानं आलेल्या पाटलांचा एक बदल वाचायला घेतला. अण्णांना त्यांनी कधी पाहिलेलंही नाही, पण नियम पाठ. ओठ मिटून बसले होते. दोन ओळी वाचल्या आणि मला पुढं वाचवेना.

"बोला काहीतरी," मी म्हटलं.

"पण मॅडम, आपला नियम..."

"राहू दे नियम. काहीही बोला."

पाटील गांगरले आणि डब्यात काय आणलंय ते सांगायला लागले. मी ऐकत राहिले.