छत्रीवाल्या बेडकाचं गाणं

"काका, हा गेम फक्त जपानमध्ये निघालेला. म्युझिक ऐका, एकदम दुर्मिळ हाय," म्हणत पुतण्याने मोबाइल माझ्या कानाला लावला. पिंपिंपिं. दाराची बेल अडकल्यासारखं. हा जपानबाहेर का निघाला नसेल, ते लगेच कळलं.

पण छत्री घेऊन शिड्या चढणारा तो जाडा बेडूक मी ओळखला. लहानपणी निजामपुऱ्यात आम्ही कापड विणायच्या लूमच्या कारखान्यावर माळ्यावर राहायचो. जुन्या बाजारातून आणलेल्या ह्याच गेमच्या कॅसेटवरचं जपानी कुणाच्या बापाला वाचता येत नव्हतं, आणि खालच्या खडखडाटात टीव्ही ऐकू यायचा नाही. मग मी बेडूक चालवायचो आणि ताई शेजारी बसून तोंडाने गाणं लावायची. बेडूक पडला की तिचा सूरही धपकन पडायचा.

शुक्रवारी कारखाना बंद असायचा, पण तेव्हा लाइटही नसायची. एका शुक्रवारी लाइट गेलीच नाही. मशीनच्या तेलाचा, सुताचा वास तसाच होता, फक्त खडखडाट नव्हता. टीव्हीतून पहिल्यांदाच पिंपिंपिं निघालं.

"शी! हेच होय?" ताईने नाक मुरडलं, आवाज पार बंद केला आणि स्वतः गायला लागली. तेव्हा मला ताईने फसवल्यासारखं वाटलं होतं. आज वाटतं, तिनेच त्या भिकार गेमची लाज राखली.

पुतण्याला मी तिची चाल गुणगुणून दाखवली.

"काका, चुकीचं गाताय."

"चुकलं जपानवाल्यांचं," मी म्हटलं. "त्यांच्याकडे तुझी आत्या नव्हती."