पालकाचं हिरवं पाणी

उकळेकाका हे नाव त्या रंगाऱ्याला गल्लीनंच दिलं होतं. कापड उकळून पाहिल्याशिवाय त्यानं कधी कुणाच्या रंगावर विश्वास ठेवला नाही. पाण्यात रंग उतरला, की माल खोटा. बायको गेल्यावर हाच न्याय त्यानं स्वयंपाकघराला लावला. पालक तासभर उकळायचा. पाणी हिरवं झालं, की म्हणायचा, "बघा, रंग मारलाय!" आणि ते मोरीत ओतायचा. लिंबाचा रसही उकळूनच प्यायचा. फळांना तर हात लावत नसे. जे शिजवता येत नाही त्याचा भरवसा काय?

कापड रंगवायच्या हौदाच्या पत्र्यानं पंजा कापला, त्याला दीड महिना झाला. जखम मिटेना. उघड्या जखमेचा हात रंगात घालता येईना, म्हणून हौद मुलाच्या हाती गेला. हात बरा झाला नाही तर हौद काही परत मिळत नाही, हे काकानं ओळखलं होतं. संशय अर्थातच मलम लावणाऱ्या सुनेवर.

"मलमात काय कालवतेस गं?"

"विष. पण तुम्ही तेही उकळूनच घ्याल," सून म्हणाली आणि त्याला दवाखान्यात घेऊन गेली.

सिस्टरनं जखम पाहिली, साखर तपासली, मग ओठ वर करून हिरड्या पाहिल्या. रक्त येत होतं.

"खाता काय, काका?"

त्यानं ऐटीत सगळं सांगितलं. हिरवं पाणीसुद्धा.

सिस्टरला हसू आवरेना. "अहो, तो पालकाचा स्वतःचा रंग! त्याच्याबरोबर क जीवनसत्त्वही मोरीत गेलं. उरलंसुरलं आचेनं मेलं. नवी कातडी ज्या धाग्यांनी विणली जाते, ते या जीवनसत्त्वाशिवाय पक्के होत नाहीत."

काका पुटपुटला, "तुरटीशिवाय कापड रंग धरत नाही, तसं?"

"अगदी तसं. या गोळ्या घ्या, आणि रोज एक संत्रं. न उकळता!"

घरी सुनेनं संत्रं पुढ्यात ठेवलं. त्यानं ते हुंगलं, ओल्या पांढऱ्या चिंधीनं खसाखसा घासलं. चिंधी पांढरीच राहिली. तरी पहिली फोड सुनेलाच खायला लावली, आणि ती गिळेपर्यंत तिच्या तोंडाकडे बघत बसला.

महिन्याभरात खपली पडली. काका तडक हौदाशी. "हो बाजूला," मुलाला म्हणाला. "मलम बाकी चांगलं निघालं."

"आणि संत्री?" सुनेनं विचारलं.

"त्यांचं अजून नक्की नाही," म्हणत त्यानं हात कोपरापर्यंत निळ्या रंगात घातला. "उद्या दोन आण."