नारळाचा पोचा

आमच्या गाडीच्या बॉनेटवर, पुढच्या कडेला, एक पोचा होता. वाटीएवढा. तो माझ्या बायकोनं पाडलेला.

जन्मभर मी दुसऱ्याचा टेम्पो चालवला. लिंबू नेलं, कांदा नेला, कोंबड्या नेल्या. स्वतःची गाडी घेतली ती म्हातारपणी, तीही जुनी. बायकोचे गुडघे गेले होते, एसटीची पायरी तिला चढेना. गाडी दारात आली त्या दिवशी ती ताट घेऊन बाहेर आली. चाकाखाली लिंबं ठेवली. नारळ चाकापुढं दगडावर फोडायचा असतो, हे शेंबड्या पोरालाही कळतं. हिनं तो दोन्ही हातांनी उचलला आणि थेट बॉनेटवर आदळला.

"अगं ए! दगडावर!" मी ओरडलो.

"पूजा दगडाची हाय का गाडीची?"

नारळ फुटला नव्हता. पत्रा बसला होता. अख्खी आळी हसली, आणि हीसुद्धा, पदर तोंडाला लावून. शेजारी म्हणाला, "काका, गाडीचा इमा काढला तेवढ्यानं भागायचं न्हाई, काकूंपासनं बी काढा."

मी पोचा काढायला निघालो तर तिनं जाऊ दिलं नाही. "राहू द्या. दृष्ट लागायची न्हाई." पुढं दर दसऱ्याला ती बोटानं त्याच पोच्यात कुंकू भरायची. दुसऱ्यांच्या गाडीवरचं कुंकू हारानं घासून जायचं, आमचं दिवाळीपर्यंत टिकायचं.

तिला ताप आला. दवाखान्यात चालत आत गेली, बाहेर आम्ही आणली. त्या वर्षी सण केले नाहीत. तिनं भरलेलं कुंकू पोच्यात तांबूस डागासारखं उरलं होतं. गाडी धुताना मी तेवढी जागा सोडून धुवायचो. लेक म्हणायचा, "दादा, निम्मीच गाडी धुता व्हय?"

वर्षश्राद्ध आलं. सामान आमच्या मिरजगावातही मिळतं, पण मी कर्जतला त्या मोठ्या दुकानात गेलो. तिथं आपल्या हातानं माल उचलता येतो म्हणून तिला ते दुकान लई आवडायचं. तांदूळ घेतला, गूळ घेतला, पत्रावळ्या घेतल्या. तिच्या पानावर वाढायला नानकटाई घेतली. बाहेर आलो तर पार्किंगमध्ये एक भलीमोठी गाडी मागं येत होती आणि दुकानाचा वॉचमन शिट्टी वाजवून तिला "येऊ द्या, येऊ द्या" म्हणत होता. त्यानं येऊ दिलं, ते माझ्या गाडीवरच. तिच्या मागचा लोखंडी हुक माझ्या बॉनेटमध्ये घुसला.

गाडीतून एक बाई उतरली, माझ्या लेकीच्या वयाची. धावतच माझ्याकडं आली.

"बाबा, आत कोणी नव्हतं ना? चुकलं हो माझं."

मी पुढं जाऊन खाली बसलो. बॉनेट पत्रावळीसारखं मधोमध दुमडलं होतं. मी पत्र्यावर हात फिरवून पोचा शोधायला लागलो.

लोक जमलेच. "काका, रडता कशाला? ताई नवं बॉनेट टाकून देतील. फायदाच झाला की तुमचा."

"फायदा तुझ्या घरी ने," मी म्हणालो.

बाई म्हणाली, "बाबा, मी करून देते सगळं. होती त्यापेक्षा चांगली."

"चांगली नको. हुती तशी पायजे."

"तशीच करून देते."

"त्यात पोचा हुता. तो देशील का करून?"

लोक फिदीफिदी हसले. "म्हाताऱ्याला पोच्याची भरपाई पायजे!"

मग मी तिला सांगितलं. नारळाचं, कुंकवाचं, सगळंच. बायको गेल्यापासून तिच्याबद्दल मी लेकापाशी बोललो नव्हतो, सुनेपाशी नव्हतो, आणि बोललो ते असा भर उन्हात, हातात पत्रावळ्यांची पिशवी धरून, ओळख ना पाळख अशा बाईपाशी. हसणारे एकेक करून पांगले. बाई माझ्याशेजारी फरशीवर बसली. मग म्हणाली, "मिस्त्रीला विचारू, बाबा. पत्रा वाचत असेल तर वाचवू."

गॅरेज जवळच होतं. बाईनंच मिस्त्रीला सगळं सांगितलं, मी पोच्याची जागा दाखवली. मिस्त्रीनं वाकून बघितलं, बोटानं चाचपलं.

"काका, दुमड बरुबर पोच्यातनंच गेलीय. ठोकून सरळ केला तर पोचा बी सरळ व्हनार. न्हाई केला तर बॉनेट बसायचं न्हाई. हायवेला वाऱ्यानं उघडून काचेवर आलं, की तुमी बी काकूंकडं."

"मग बरंच हाय की."

बाईनं तोंड फिरवलं. मिस्त्री जरा वरमला. म्हणाला, "असं करू का? नव्या बॉनेटला तितंच हातोडीनं पोचा पाडून देतो. वळखू बी येनार न्हाई."

माणूस वाईट नव्हता, मनापासून बोलत होता. पण मला बोलल्यावाचून राहवलं नाही.

"तुझ्या हातचा घेऊन काय करू रं?"

नवं बॉनेट बसलं. रंग इतका जुळला की लेक म्हणाला, काही झालंय असं वाटतच नाही. जुनं बॉनेट मी घरी आणलं आणि गोठ्याच्या भिंतीला लावून ठेवलं. रोज जनावरांना चारा टाकून झाला की त्यावर हात फिरवतो. त्या दुमडीत आता खड्डेच खड्डे आहेत. कुंकवाचा डाग हुकानं खरवडून नेला. कुठला खड्डा तिचा, ते माझ्या बोटाला ओळखू येत नाही. तिच्याबरोबर एवढी वर्षं काढली आणि तेवढं ओळखू येत नाही.

दसरा आला. सुनेनं ताट केलं, गाडीला हार घातला, आणि थांबली.

"मामा, कुंकू कुठं लावायचं हुतं, आत्या लावायच्या तसं?"

मी अंदाजानं जागा दाखवली. तिनं बोटानं लावलं. वरून पाणी शिंपडलं तसं कुंकू गुळगुळीत पत्र्यावरून ओघळून खाली नंबरप्लेटपर्यंत आलं.

"पुसू का, मामा?"

"राहू दे."

मग तिनं नारळ घेतला, चाकापुढं दगड ठेवला, आणि एका दणक्यात फोडला. अगदी रीतीप्रमाणं फोडला. आळीतली माणसं दारात उभी होती. कुणी हसलं नाही.