न पोचलेल्या निरोपांचा खोका

डार्लीन ह्रिट्साकनं एकोणीस वर्षं विनिपेगमधल्या एका कंपनीचे निरोप सांभाळले. घरी डायलिसिस करणाऱ्यांना औषधाच्या पिशव्या पोचवणारी कंपनी. नर्सनं मागणी नोंदवली की निरोप गोदामाला, तिथून ट्रकवाल्याला. ही ने-आण करणारे चार सर्व्हर डार्लीननं पोटच्या पोरांसारखे वाढवले होते, आणि पोरांसारखेच ते नेमके सणासुदीला आजारी पडत.

आता साहेबानं, म्हणजे ब्रेंटनं, फर्मान काढलं: सर्व्हर बंद, सगळं काम बाहेरच्या तयार सेवेकडे. दोनपैकी कुठली सेवा घ्यायची, ते डार्लीननं ठरवायचं. म्हणजे आपली खुर्ची कुणी उचलायची, तेही आपणच सांगायचं! तिला राग आला, आणि त्याहून जास्त भीती वाटली. अठ्ठावन्नाव्या वर्षी नवी नोकरी कोण देणार?

पण काम म्हणजे काम. वाटेत अडकलेले निरोप सर्व्हर संगणकातल्याच एका खोक्यात बाजूला ठेवत. रोज सकाळी कॉफी घेऊन ती हा न पोचलेल्या निरोपांचा खोका वाचायची. त्यातलाच एक निरोप तिनं दोन्ही सेवांच्या विक्रेत्यांपुढे टाकला. पेशंटचं नाव बदलून मादाम गान्ये केलं, पण अक्षरावरची फ्रेंच रेघ तशीच ठेवली. गोदामाच्या जुन्या यंत्राला तीच पचत नसे. सेंट बोनिफेस या शहरातल्या फ्रेंच वस्तीत अशी नावं गल्लोगल्ली.

पहिल्याच्या पडद्यावर सगळं हिरवंगार.

"बघा, एकही चूक नाही!"

"आणि मादामच्या पिशव्या?"

"अं... न पोचलेला निरोप आम्ही तीनदा पाठवतो, मग पुसून टाकतो. तुमच्या डोक्याला ताप नको."

"ताप नको म्हणून पेशंटच पुसलास की रे बाबा!"

दुसऱ्याच्या पडद्यावर लाल दिवा लागला. तो बिचारा ओशाळला. "अडकलाय. बाजूच्या खोक्यात पडून राहील, कुणीतरी बघेपर्यंत."

"मग लाजतोस काय? मला हेच हवं होतं," डार्लीन म्हणाली.

तिनं दुसऱ्याच्या बाजूनं अहवाल लिहिला. ब्रेंटनं तो तिच्यासमोरच वाचला.

"सर्व्हरचं काम कुणाकडे जाणार, हे तूच लिहून दिलंस. आपल्याच पायावर धोंडा पाडून घेतलास, डार्लीन."

"जाऊ देत. शेवटची ओळ वाच."

तिथं होतं: 'हा खोका रोज सकाळी एका माणसाने वाचावा.'

ब्रेंटनं पेन काढलं, 'एका माणसाने' खोडलं, वर 'डार्लीनने' लिहिलं आणि सही ठोकली. तिला हुंदका फुटला. तो तिनं खोकला म्हणून खपवला.