हिरूबायची पायरी मी वर केली

अर्नाळ्याच्या हिरूबायला मी फसवलं. पैशात नव्हे. पैशात फसवलं असतं तर केव्हाच कुठेतरी बोलून गेलो असतो. धंद्यातली माणसं असल्या गोष्टी हसत हसत सांगतात. ही गोष्ट मी बायकोलाही सांगितलेली नाही. आज तुम्हाला सांगतो आहे, आणि सांगतानाही राग येतो आहे. कोणाचा? आधी तिचाच येतो — हे लपवण्यात काय अर्थ?

मी निर्मळचा. आमची स्वतःची वाडी नव्हती. दुसऱ्यांच्या वाडीतली केळी घ्यायची, सोलून उन्हात सुकवायची आणि सायकलला करंड्या बांधून ती सुकेळी गावोगाव विकायची, अशी माझी जवानी गेली. लढाई संपल्यावर लष्कराच्या जुन्या गाड्या लिलावात निघाल्या, तेव्हा भांडभांड भांडून मी त्यातली एक पिकअप उचलली. सकाळी निर्मळहून केळ्यांचे घड भरायचे, अर्नाळ्याला कोळणींना त्यांच्या मासळीच्या पाट्यांसकट घ्यायचं आणि विरार स्टेशनवर सोडायचं — हा माझा धंदा.

गाडी गोऱ्या सोजिरांच्या लांब तंगड्यांसाठी केलेली. मागचा फाळका केळ्यांनी अडलेला, म्हणून बायकांना बाजूच्या फूटबोर्डवर पाय देऊन चढावं लागे. त्याला सगळे पायरीच म्हणत. ती फार उंच होती. हिरूबायने पहिल्याच दिवशी सुनावलं, "शेट, ही पायरी हाय का माडाची खाच? चडायला माडीवाला आनू काय?"

मी लोहाराकडून पायरी खाली घेतली. पण पावसाळ्यात ती चाकोरीत घासू नये म्हणून तिच्या लोखंडी पट्ट्यांना एकाखाली एक भोकं पाडून घेतली. नट सोडायचे, पायरी हवी तिथे सरकवायची, पुन्हा आवळायचे. पाना माझ्याच बैठकीखाली असे. यात लबाडी नव्हती — तेव्हा नव्हती.

पाटीमागे भाडं किती, हे रोज सकाळी ठरायचं आणि ते ठरवायची हिरूबाय. कशी? डोक्यावर भरलेली पाटी, एक पाय जमिनीवर, एक पाय माझ्या पायरीवर, आणि बाकीच्या बायका तिच्या पाठीशी. तिने जमिनीवरचा पाय उचलला की सौदा पटला. पायरीवरचा खाली घेतला की सगळ्या निघाल्या बैलगाड्यांकडे. माझा अख्खा दिवस त्या बाईच्या एका पायावर! मी इंजिन चालू ठेवून आरडाओरडा करायचो. ती ढिम्म. "ओरड, ओरड. पाटी माज्या डोक्यावर हाय, तुज्या नाय."

एका सकाळी मी गोडीत घेऊन भाडं वाढवायला बघितलं. तशी ती बायकांना म्हणाली, "ऐकलं काय गो? शेट आज सुकेळं झाला. वरून गोड, चावाल तर दाताला चिकटंल."

काय हसल्या बायका! त्या दिवसापासून मी अर्नाळ्यात सुकेळशेट. विरार स्टेशनवरचे हमालसुद्धा तेच म्हणू लागले. ज्या सुकेळ्यांच्या करंड्या ओढून मी वर आलो, तीच माझ्या तोंडावर मारायची? मला अजून चीड येते. तुम्हाला आली नसती?

मी पाना काढला.

एक भोक वर. दोन बोटांचा फरक — कोणाला कळणार? थोड्या दिवसांनी आणखी एक. पाऊस नव्हता, चिखल नव्हता, पायरी घासत नव्हती. तरण्या बायका उडी मारून चढायच्या, त्यांना काहीच वाटलं नाही. पण डोक्यावर ओझं, एक पाय असा उंचावर, आणि त्या अवस्थेत भावासाठी ताटकळत राहायचं — करून बघा कधी. हिरूबाय लवकर लवकर "बरं, चल" म्हणू लागली. मी सांगेन ते भाडं. मला किती आनंद व्हायचा, तेही सांगितलं पाहिजे. मी गाडी चालवताना गाणी म्हणायचो.

मग एक दिवस तिने विचारलं. हळू आवाजात, मागच्या बायकांना ऐकू जाऊ नये असं. तिला हळू बोलताना मी कधी ऐकलं नव्हतं.

"शेट, पायरी वर घेतलीस काय रं?"

इथे मी हो म्हणू शकलो असतो. घेतली, तू मला सुकेळं म्हणालीस म्हणून घेतली! एक कडाक्याचं भांडण झालं असतं आणि मिटलं असतं. तिला भांडणं आवडत होती — मलाही. मग मी काय केलं?

मी म्हणालो, "बाय, लोखंड कुठे वाढतं काय? पायरी तीच आहे. गुडघे बघ तुझे."

खालची मोकळी भोकं अगदी उघडी दिसत होती. वाकून एकदा पाहिलं असतं तर मी जागच्या जागी पकडला गेलो असतो. एवढी हुशार बाई — तिने का पाहिलं नाही? कित्येक वर्षं मी तिच्यावरच चिडत होतो. पण भरली पाटी डोक्यावर असलेल्या बाईला वाकून खाली बघता येत नाही. हे मला ठाऊक होतं. ठाऊक होतं म्हणूनच मी इतकं बेधडक बोललो.

आणि दुसऱ्या दिवशी मी पायरी आणखी एक भोक वर घेतली.

पुढच्याच आठवड्यात तिचा पाय निसटला. पाटी कलंडली, पापलेटं धुळीत गेली. मला वाटलं, आता शिव्या ऐकायच्या. पण तिने मासळी गोळा केली, पाटी दुसरीच्या हाती दिली आणि घराकडे वळली. दुसऱ्या दिवसापासून तिच्या जागी सून येऊ लागली. मग मी काय केलं असेल? पायरी पुन्हा खाली घेतली, पार खालच्या भोकात. आता पाय रोवून उभी राहणारी कोणी उरली नव्हती.

होळीच्या सुमारास अर्नाळ्यात ती अंगणात बसलेली दिसली. सुकी मासळी निवडत होती, दोन्ही गुडघ्यांना तेल चोपडलेलं. मला हाक मारून म्हणाली, "सून म्हनते, पायरी काय उंच नाय. म्हंजे माजेच पाय गेले. तू तोंडावर सांगितलंस ते बरं केलंस, शेट. दुसऱ्यानं सांगितलं नसतं."

नुसतं शेट म्हणाली, सुकेळशेट नाही. आणि मी — मी तिला म्हणालो, "तेल लावत जा."

तेल लावत जा! कुठल्या तोंडाने? होड्या लागल्या की सगळ्यांच्या पुढे कंबरभर पाण्यात शिरून मासळीचा भाव पाडणारी ती बाई. आता दारातून होड्या मोजते. सून बिचारी मी मागेन ते भाडं देते आणि मी ते घेतो, आजही घेतो.

मला माफी नको. हिरूबायचे पाय तेव्हा धड होते. इतकी वर्षं बसून बसून ते खरंच गेले असतील, तर तेही माझंच काम. सुनेला वाचता येतं. तिने हे लिहिलेलं सासूला मोठ्याने वाचून दाखवावं. आणि मग हिरूबायने उठावं, चालत, रखडत, कोणाच्या खांद्यावर हात टाकून, जमेल तसं गाडीपाशी यावं, आणि सगळ्या बायकांदेखत माझी गचांडी धरून मला जाब विचारावा.